दाखल्यावरची सही

सचिवांनी हातातला फोन टेबलावर ठेवला आणि शेवटच्या फोनकडे बोट दाखवलं. "आता हा एकच राहिला. उघड."

यशपाल खिल्लारे हलला नाही. दहावीतला पोरगा, अंगाने किरकोळ, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मुख्याध्यापकांच्या टेबलावर त्याच्या वर्गातले सगळे फोन मांडून ठेवले होते. काही नवे कोरे, काही काच तडकलेले, एकाला तर पाठीमागचं झाकण निसटू नये म्हणून रबर गुंडाळलेलं. शाळेत फोन आणायला बंदी होती, तरी सकाळी प्रार्थना संपल्यावर दप्तरांची अचानक झडती झाली तेव्हा निम्म्या वर्गाकडे फोन निघाले. खेड्यांवरून एसटीने येणारी पोरं. घरचेच देत फोन. एकेकाला आत बोलावून, त्याच्याकडून फोन उघडून घेऊन, संस्थेच्या सचिवांनी जातीने आत डोकावून पाहिलं होतं. ज्याचा शोध चालला होता ते कशातच सापडलं नव्हतं.

"माझा नाही सर तो," यशपाल म्हणाला. "गिऱ्हाइकाचा आहे. मामाच्या दुकानात दुरुस्तीला आला होता. शाळा सुटली की पोचवायचा होता."

"उघडता येतो ना तुला?"

"येतो. पण गिऱ्हाइकाचा फोन तिसऱ्यासमोर उघडायचा नाही, असं मामानं सांगितलंय."

सचिव दिनकरराव, ज्यांना सगळं कोनवड गाव 'अण्णा' म्हणायचं, ते माझ्याकडे वळले. "बघा मॅडम. हा तुमचा वर्ग."

मी यशपालची वर्गशिक्षिका होते. त्याच जूनमध्ये शिक्षणसेवक म्हणून लागले होते, विज्ञान शिकवायचे. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे अण्णांच्या हातात होतं आणि ते मला दर भेटीत कळेल अशी काळजी ते घेत. माझ्या गप्प राहण्याचं कारण मात्र वेगळं होतं आणि ते त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं.

सगळा घोळ एका पानाचा होता. इन्स्टाग्रामवर आमच्या शाळेच्या नावाचं एक पान कुणीतरी काढलं होतं. चालवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. 'आज दहावीला गणिताचा तास झाला नाही.' 'मुलींच्या संडासाला अजून कडी नाही.' 'आठवीच्या पोराला पट्टीने मारलं, चूक दुसऱ्याची होती.' असं दोन-दोन ओळींचं काहीतरी रोज यायचं. शिवी नाही, कुणाची थट्टा नाही. पोरं ते वाचायला टपलेली असत आणि आम्ही शिक्षकही, उघड बोलत नसलो तरी, वाचत होतो. कारण त्यातलं काहीच खोटं नसायचं.

तोवर अण्णांनी दुर्लक्ष केलं. पण संस्थेच्या वर्धापनदिनाला पाहुणे उशिरा आले, मुलं भर उन्हात मैदानावर ताटकळली, आणि आठवीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली. नेमकी तेव्हाच पाहुण्यांची गाडी फाटकातून आत शिरली. त्या क्षणाचा फोटो पानावर आला. मुलगी मातीत पडलेली, आणि तिच्याभोवतीच्या सगळ्या माना गाडीकडे वळलेल्या. अण्णा पुढे, हातात हार. गावातल्या प्रत्येक फोनवर तो फोटो फिरला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मुख्याध्यापकांना बजावलं की पोरगा कोण ते मला हवं, आणि मिळेल त्या दिवशी त्याचा दाखला त्याच्या हातात पाहिजे.

मोबाइलच्या दुकानात बसणारा एकच पोरगा शाळेत होता. त्यामुळे सगळ्यांची बोटं आधीच यशपालकडे वळली होती. आता त्याने फोन उघडायला नकार दिला, म्हणजे शिक्कामोर्तबच झालं.

मुख्याध्यापक उगले सर खुर्चीत अवघडून बसले होते. निवृत्तीला आलेला, पापभीरू माणूस. कुणाशी वाकडं नको, हा त्यांचा स्वभाव. आणि अण्णांशी तर नकोच नको. त्यांनी यशपालला दोनदा समजावून पाहिलं. बाळा, उघडून दाखव, विषय संपेल. यशपालने दोन्ही वेळा मान हलवली. त्याचे वडील ट्रक घेऊन नागपूरकडे गेलेले, आई रानात. मामाला फोन लावू का, असं त्याने विचारलं, तर अण्णा म्हणाले की मामा तुझीच बाजू घेणार.

"सर, ह्यात पुरावा कुठे आहे?" मी विचारलं.

"मॅडम, तुम्ही नवीन आहात," अण्णा शांतपणे म्हणाले आणि लेखनिकाला दाखला तयार करायला सांगितला.

नववीवर माझा तास होता. मुलांना काम लावून येते, असं सांगून मी बाहेर पडले. वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत नववीचा वर्ग बसलेला. मी फळ्याकडे गेले नाही. मागच्या खिडकीपाशी गेले, जिथे मी शिकवताना नेहमी उभी राहायचे, आणि बाहेर तोंड करून, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात तीन-चार वाक्यं बोलले. पोरं चमकून एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना एक आकृती काढायला सांगून मी खाली आले.

दाखला टेबलावर आला होता. उगले सरांनी पेनाचं टोपण काढलं होतं. पण पेन कागदावर टेकत नव्हतं.

"सर, माझी आई येईपर्यंत तरी थांबा," यशपाल म्हणाला. "तिला तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं सांगवणार नाही."

"करा सही," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात अण्णांच्या खिशातला फोन वाजला. पानावर काय येतं ते लगेच कळावं म्हणून त्यांनी स्वतःच्या फोनवर ते जोडून घेतलं होतं. त्यांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग टेबलावरच्या फोनांवरून नजर फिरवली. सगळे तिथेच पडलेले, अंधारलेले. यशपालने दोन्ही हात पाठीमागे घेतलेले.

अण्णांनी फोन उगले सरांच्या पुढे सरकवला. सरांनी वाचलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. मी वाकून पाहिलं. खाली शाळेचं पत्र्याचं छप्पर, फाटक आणि फाटकाशी अण्णांची पांढरी गाडी, असा आत्ताच काढलेला फोटो होता, वरून काढलेला. त्याच्याखाली लिहिलं होतं:

'यशपालला सोडा. त्याचा ह्यात काही संबंध नाही. हे पान मी चालवते. मी तुमच्या शाळेत नाही, तुम्हीच मला दाखला देऊन घरी बसवलं. ज्याने माझा फोटो सगळीकडे पाठवला, तो अजून तुमच्याकडेच शिकतो. रोज प्रार्थनेच्या रांगेत मला दिसतो. कावेरी शेजूळ.'

ती काहीतरी लिहील, अशी मला आशा होती. ती नाव लिहील, असं मला वाटलं नव्हतं.

मला हे नाव आदल्या दिवशीपासून ठाऊक होतं. तो चक्कर आलेल्या मुलीचा फोटो मी मोठा करून पाहिला, तेव्हा लक्षात आलं की तो मैदानावरून काढलेलाच नाही. एका कोपऱ्यात आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीचे गज दिसत होते, बाहेरून. म्हणजे फोटो काढणारं माणूस शाळेच्या मागच्या बाजूला, उंचावर होतं. शाळा सुटल्यावर मी भिंतीमागच्या बोळात गेले. समोर एकच घर होतं, गच्ची असलेलं. दार उघडं होतं. हाक मारली तर वरून आवाज आला, "वर या ना मॅडम."

गच्चीवर एक मुलगी मिरच्यांची देठं खुडत बसली होती. मला पाहून ती दचकली नाही, उभी राहिली. मी कोण, ते तिला सांगावं लागलं नाही.

"तुम्ही खिडकीशी उभ्या राहून शिकवता," ती म्हणाली. "सगळं ऐकू येतं इथे. आधीच्या सरांचं येत नव्हतं, ते खुर्चीवर बसून पुटपुटायचे. परावर्तनाचे नियम माझे पाठ झालेत. फक्त फळ्यावर काय काढता ते दिसत नाही."

मग तिने स्वतःहूनच सगळं सांगितलं. ती नववीत असताना वर्गातल्या एका मुलाशी बोलत उभी होती. त्याने फोन बघायचं निमित्त करून तिच्या नकळत दोघांचा फोटो काढला आणि गाणं लावून चार पोरांना पाठवला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या शाळेकडे होता. शाळेने तिच्या वडिलांना बोलावलं, शाळेचं नाव खराब होतं म्हणाले, आणि परीक्षेच्या तोंडावर तिचा दाखला काढला. शाळेत फोन बंदीची पाटी लागली ती त्यानंतर. त्या दिवसापासून तिच्या घरी शाळेचं नाव काढायचं नाही, असा दंडक होता. वडील पहाटे बियाण्याच्या कंपनीत जायचे, आई एका दुकानात कामाला. आई फोन घरी ठेवून जायची, गावाहून आजीचा फोन आला तर कावेरीने घ्यावा म्हणून. त्याच फोनवर ती पान चालवत होती.

"कशासाठी?" मी विचारलं होतं.

तिने एका मिरचीचं देठ खुडलं आणि म्हणाली, "घंटा झाली की अजून उठून उभी राहते मी. काहीतरी करायला पाहिजे ना."

निघताना तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं की तिचं नाव मी कुणाला सांगणार नाही. वडिलांना कळलं तर आईचाही फोन जाईल, आणि तिच्यासाठी आलेलं एक स्थळ वडील अजून टाळत होते, ते टाळणार नाहीत. मी वचन दिलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी यशपाल त्या टेबलासमोर उभा होता. नाव सांगावं तर ती बुडत होती, गप्प बसावं तर तो. म्हणून मी खिडकीशी गेले आणि म्हणाले, "यशपाल खिल्लारेला मुख्याध्यापकांच्या खोलीत उभं केलंय. ते पान तोच चालवतो, असं सगळ्यांना वाटतंय. त्याचा दाखला लिहून होतोय. मी कुणाचंही नाव सांगितलेलं नाही, सांगणारही नाही." निवाडा मी तिच्यावर सोडला होता. पंधरा वर्षांच्या पोरीवर.

खोलीत अण्णाच आधी सावरले. "शेजूळला, तिच्या बापाला, फोन करून बोलवा," ते लेखनिकाला म्हणाले. "आणि सर, ह्याच्यावर करून टाका सही. हाही सामील असणार. दोघांचा निकाल एकदमच लावू."

उगले सरांनी पेनाला टोपण लावलं. "नाही अण्णा."

"म्हणजे?"

"दाखल्यावर सही माझी लागते. मागच्या वर्षी एक केली, तेवढी पुरे." त्यांनी दाखला उचलला, मधोमध फाडला आणि फोन यशपालच्या हातात दिला. "जा वर्गात. ज्याचा आहे त्याला नेऊन दे."

अण्णा लाल झाले. यशपाल गेला. आम्ही तिघं शेजूळांची वाट बघत बसलो.

माझ्याने बसवेना. त्यांना खोलीत येण्याआधी गाठावं, दोन शब्द बोलावं, म्हणून मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. काय बोलणार होते, कोण जाणे. मोटारसायकल आली ती कंपनीच्या रस्त्याने नाही, बोळाकडून. म्हणजे ते आधी घरी जाऊन आले होते. मागे कावेरी बसलेली, ओढणी घट्ट धरून. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. गाडी लावल्यावर मी पुढे झाले, तर शेजूळ माझ्या बाजूने निघून गेले, जणू मी तिथे नव्हतेच.

खोलीत ते बसले नाहीत. बायकोचा फोन त्यांनी टेबलावर ठेवला.

अण्णांनी सुरुवात केली. तुमच्या मुलीने संस्थेची बदनामी केली आहे, हा गुन्हा होतो, पोलिसात गेलो तर तुम्हालाच जड जाईल. शेजूळांनी सगळं ऐकून घेतलं. मग अण्णांकडे न बघता ते उगले सरांना म्हणाले, "गोदामावर एका पोरानं दाखवलं मला हे. वाचता येतं मला. पण एक गोष्ट नाही कळली सर. ह्याच्यात लिहिलंय, तो पोरगा अजून शाळेतच हे."

उगले सर खाली बघत राहिले.

"तुम्ही तव्हा मला काय म्हणला होता?"

"दोघांनाही काढतो म्हणालो होतो," सर म्हणाले.

"मग?"

"त्याचे वडील येऊन हातापाया पडले. वर्ष वाया जाईल म्हणाले. त्याला ताकीद देऊन ठेवून घेतला."

"हातापाया पडायचं मला नाही सुचलं," शेजूळ म्हणाले. "मला वाटलं, शाळा म्हणते म्हणजे बरोबरच असल. दोघांलाबी सारखीच शिक्षा, मग मी काय बोलणार? त्या रात्री मी हिला मारलं सर. आजवर हात लावला नव्हता. तुम्ही म्हणला म्हणून मारलं."

कावेरी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले; हात लावायचा धीर झाला नाही.

अण्णा उठले. पुढे काय करायचं ते कार्यकारिणीत ठरवू, असं काहीतरी म्हणून ते बाहेर पडले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. त्यानंतर त्यांनी पोलिसांचं नाव काढलं नाही. वर्धापनदिनाचा तो फोटो पुन्हा चर्चेत आणणं त्यांना परवडणारं नव्हतं. मला मात्र त्यांनी पुढच्या वर्षी कायम केलं नाही, आणि का केलं नाही, ते मी विचारलंही नाही.

शेजूळ तसेच उभे होते. उगले सर खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून त्यांच्यासमोर आले आणि त्यांनी हात जोडले. माझ्या देखत, लेखनिकाच्या देखत. शेजूळांनी हात जोडले नाहीत, पण मान खाली घातली. "उद्या घेऊन येतो हिला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती आली. जुना गणवेश आखूड झाला होता, वेणी घट्ट घातलेली. वडील सोबत होते. परीक्षेला बसली नसल्यामुळे तिला नववीतच बसावं लागणार होतं. त्याला तिची हरकत नव्हती. पान बंद करशील का, असं सरांनी तिला विचारलं. ती म्हणाली, आता मला जे सांगायचं ते मी तुम्हालाच येऊन सांगीन, तुम्ही ऐकणार असाल तर. सर म्हणाले, ऐकेन. मग तिने त्यांच्यासमोरच पान पुसून टाकलं आणि आईचा फोन वडिलांच्या हातात दिला.

सरांच्या मनात अजून एक गोष्ट होती. रात्रभर त्यांना झोप लागली नसावी, डोळे तांबारले होते. कावेरीचा फोटो पाठवणाऱ्या दहावी ब च्या त्या मुलाला त्यांनी बाहेर व्हरांड्यात उभं केलं होतं. काचेतून त्याची सावली दिसत होती, इकडून तिकडे हलणारी.

"शेजूळ, मी शब्द दिला होता तो आज पाळतो," सर म्हणाले. "त्याचा दाखला काढतो."

शेजूळांनी मान हलवली. त्यांना ते मान्य होतं. मलाही, खरं सांगायचं तर, होतं.

"नको सर," कावेरी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती दाराच्या काचेकडे बघत होती.

"घरी बसून काय होतं ते मला माहिती आहे," ती म्हणाली. "त्याचा फोन तेवढा काढून घ्या."

बाहेर प्रार्थनेची घंटा झाली. ती वडिलांच्या पाया पडली आणि दार उघडून त्याच्या समोरून मैदानाकडे निघाली. तो भिंतीला चिकटून उभा राहिला, तिला वाट देत. दहावीच्या रांगेतून तिच्या जुन्या मैत्रिणींनी हाका मारल्या. ती क्षणभर थबकली, त्यांच्याकडे बघून हसली आणि नववीच्या रांगेत, सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. पुढच्या पोरींपेक्षा ती वीतभर उंच होती.